मंत्रचळाची चिकित्सा आणि तिची परीक्षा

मराठी भाषेंत ‘मंत्रचळ’ असा एक जुना शब्द आहे. मंत्राच्या उच्चारांत किंवा अनुष्ठानांत चूक झाली म्हणजे साधकाची बुद्धि चळते, अशी समजूत या शब्दाच्या पोटांत आहे. हात धुतले तरी ते धुतलेच नाहींत असें वाटणें, कडी लावली तरी पुन्हां पुन्हां उठून ती पाहणें, स्तोत्रांतील एखादें अक्षर चुकलें असेल या भयानें तें आरंभापासून दहा वेळां म्हणणें, देवापुढें बसतांच मनांत अभद्र विचार येणें व त्याच्या निवारणार्थ पुन्हां स्नान करणें, अशीं या विकाराचीं लक्षणें होत. सोंवळेंओंवळें कडक पाळणाऱ्या घरांत हीं लक्षणें धर्मनिष्ठेच्या नांवाखालीं सहज झांकलीं जात. परंतु सोंवळें पाळणाऱ्यास स्नानानंतर समाधान मिळतें. मंत्रचळाच्या रोग्यास तें मिळत नाहीं. आपली कृति निरर्थक आहे हें त्यास बहुधा कळत असतें, आणि तरीही ती केल्यावांचून त्यास राहवत नाहीं. या विकाराचें खरें दुःख येथेंच आहे.

ज्यास आपलें चुकतें हें ठाऊक आहे, त्यास केवळ बोलून बरें करतां येईल काय? १९०९ सालीं फ्रॉइड यांनीं व्हिएन्ना येथील एका तरुणाची हकीकत प्रसिद्ध केली. आपल्या प्रियजनांस भयंकर इजा होईल या कल्पनेनें तो तरुण पछाडला होता. संभाषणानें तो बरा झाला, असें फ्रॉइड यांनीं लिहिलें. पुढें पहिल्या महायुद्धांत तो मारला गेला. १९२२ सालीं गिरींद्रशेखर बोस यांनीं कलकत्त्यास मनोविश्लेषणाची संस्था स्थापिली व ही विद्या आपल्या देशांत आली. पण एक वैद्य आणि एक रोगी यांच्या हकीकतीवरून सिद्ध तें काय होतें? उपचार न करतां तो रोगी कसा राहिला असता, याचें उत्तर अशा हकीकतींत कधींच नसतें.

परंपरेनें आलेली गोष्ट कसास लावावी, ही वृत्ति आमच्या मावळास अपरिचित नाहीं. सोमाटण्यावरून जाणाऱ्या जुन्या रस्त्यानें घाटाकडे निघालें म्हणजे लोणावळें लागतें. तेथें १९२४ सालीं स्वामी कुवलयानंद यांनीं कैवल्यधाम स्थापिलें, आणि त्याच वर्षीं ‘योग-मीमांसा’ हें नियतकालिक काढिलें. उड्डियान व नौलि करतांना शरीरांत काय घडतें, हें ग्रंथप्रामाण्यावर न सोडतां त्यांनीं क्ष-किरणांच्या व दाबमापक यंत्रांच्या साह्यानें पाहिलें. योगावरील श्रद्धा आणि योगाची परीक्षा या दोन गोष्टी एकाच मनुष्यांत नांदूं शकतात, हें त्यांनीं दाखविलें.

पुढें मुंबईस के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. एन. एस. वाहिया व त्यांचे सहकारी यांनीं हीच रीत मनाच्या विकारांस लाविली. पतंजलीच्या कल्पनांवर आधारलेल्या उपचाराचा त्यांचा निबंध १९७३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं एका गटास आसनें, प्राणायाम, धारणा व ध्यान यांचें खरें शिक्षण दिलें. दुसऱ्या गटास त्यांसारख्या दिसणाऱ्या, परंतु गाभा काढून घेतलेल्या क्रिया शिकविल्या. पहिल्या गटास अधिक गुण आला. हा प्रयोग केवळ मंत्रचळाचा नव्हता. पण त्यांतील युक्ति मोलाची आहे. वैद्याचा सहवास आणि बरें होण्याची आशा दोन्ही गटांस सारखीच मिळाली, म्हणून जो फरक उरला तो उपचाराच्या गाभ्याचा मानतां येतो.

मंत्रचळाच्या बाबतींत खरें वळण १९६६ सालीं आलें. लंडन येथील व्हिक्टर मेयर यांनीं दोन रोग्यांची हकीकत दिली. रोग्यास ज्याची धास्ती, त्यास त्यानें स्पर्श करावा आणि नंतर धुणें मात्र करूं नये, अशी ही पद्धति होती. भय प्रथम चढतें. पण कांहीं केलें नाहीं तरी तें आपोआप ओसरतें, आणि संकट कोसळत नाहीं हें रोगी स्वतः पाहतो. पुढें रॅकमन, हॉजसन व मार्क्स यांनीं याच पद्धतीची तुलना केवळ अंग सैल सोडण्याच्या उपचाराशीं केली. त्या उपचारानें फारसें साधलें नाहीं. १९७८ सालीं रॅकमन व डी सिल्वा यांनीं दाखविलें कीं अभद्र विचार निरोगी माणसांच्या मनांतही येतात. म्हणजे विचार येणें हा रोग नव्हे. त्याचें पाप किंवा जबाबदारी डोक्यावर घेऊन त्याच्या निवारणामागें धांवणें, हा रोग होय.

१९८९ सालीं या विकाराची तीव्रता मोजणारें चाळीस गुणांचें माप तयार झालें. एड्ना फोआ व सहकारी यांची परीक्षा २००५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत १२२ रोगी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें चार गटांत वांटले होते, आणि गुण ठरविणाऱ्या परीक्षकांस कोणास कोणता उपचार मिळाला हें सांगितलें नव्हतें. उपचार सुरू केलेल्यांपैकीं सामोरें जाण्याच्या पद्धतीनें शेंकडा ६२, क्लोमिप्रामीन या औषधानें ४२, दोहोंनीं मिळून ७० आणि पोकळ गोळीनें अवघे ८ जणांस स्पष्ट गुण आला. तथापि कांहीं जण उपचारास आरंभ होण्यापूर्वींच परत फिरले, हेंही लक्षांत ठेविलें पाहिजे. ही चिकित्सा बोलण्याची खरी. पण तींतील शब्द रोग्यास त्याच्या भयाच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन सोडतात, पाऊल त्यासच टाकावें लागतें.

या इतिहासांतून घरच्या माणसांनीं एक गोष्ट अवश्य घ्यावी. ‘हात स्वच्छ आहेत ना?’ असें रोगी विचारतो, आणि आपण प्रेमानें ‘होय’ म्हणतों. ‘कडी पाहून ये’ म्हणतो, आपण पाहून येतों. त्या क्षणीं त्यास शांति मिळते, पण रोगाची मुळी अधिक खोल जाते. त्यास हिणवणें तर निष्ठुरपणाचेंच. परंतु त्याच्या शंकेची चाकरी करणें ही दया नव्हे. त्याच्याजवळ बसावें, भय ओसरेपर्यंत सोबत द्यावी, आणि जाणत्या चिकित्सकाकडे त्यास न लाजतां घेऊन जावें. पूर्वजांनीं मंत्र चळल्याचा दोष साधकास दिला; आतां आपणांस तो दोष देण्याचें कांहींच कारण उरलेलें नाहीं.