‘ध’चा ‘मा’ कोणी केला?

मी लहान असताना आमच्या वाघोलीच्या घरी जमिनीच्या वाटणीचे कागद झाले. माझी धाकटी काकू विधवा होती. थोरले चुलते तिला म्हणाले, ‘‘इथं अंगठा उठव.’’ काकू म्हणाली, ‘‘भाऊजी, आधी कुणीतरी वाचून दाखवा.’’ त्यावर ओसरीवरचे एक पाहुणे म्हणाले, ‘‘आली बघा आनंदीबाई!’’ सगळे हसले. काकूने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि न ऐकताच अंगठा उठवला. विहिरीच्या पाण्यातला तिचा हिस्सा कागदात नाही, हे पुढे उन्हाळ्यात कळले.

ही आनंदीबाई कोण, ते मला शाळेत समजले. 30 ऑगस्ट 1773 रोजी, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. त्यांचे वय अवघे 18. कटाचा ठपका चुलते रघुनाथराव यांच्यावर आला. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून त्यांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितले. रघुनाथरावांनी दिलेल्या चिठ्ठीत म्हणे ‘नारायणरावास धरावे’ असे होते. त्यांच्या पत्नीने, आनंदीबाईने, ‘ध’चा ‘मा’ केला आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले.

आता ही दोन क्रियापदे पाहा. ‘धरणे’ हे संस्कृत ‘धृ’ धातूपासून आले. आपला ‘धर्म’ही त्याच धातूचा. ‘मारणे’ मात्र ‘मृ’पासून, म्हणजे मरायला लावणे. इंग्रजीतले ‘मर्डर’ हेही दूरच्या नात्याने याच कुळातले. पण मराठीत ‘मारणे’ इतके घरचे झाले, की आपण हाक मारतो, गाठ मारतो आणि मिठीसुद्धा मारतो. मोल्सवर्थने 1857 च्या कोशात प्रहार करणे आणि जीव घेणे, असे त्याचे दोन्ही अर्थ दिले आहेत. म्हणून तर जीवच घेतला हे स्पष्ट करायला आपल्याला ‘ठार’ शब्द जोडावा लागतो.

मग ते अक्षर बदलले कोणी? ती अस्सल चिठ्ठी आजवर संशोधकांच्या हाती लागलेली नाही. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास 1826 सालचा, म्हणजे खुनानंतर 53 वर्षांनी छापलेला. तोही हा बदल आनंदीबाईने केल्याचा सर्वसाधारण समज नोंदवतो. समज म्हणजे पुरावा नव्हे. ती निर्दोष होती, असेही मी म्हणत नाही. तसे म्हणायलाही कागद लागेल. पण धरण्याचा हुकूम पुतण्याविरुद्धच होता आणि तो रघुनाथरावांचा होता, हे या गोष्टीत सहज मागे पडते. शिक्षा शास्त्रीबुवांनी पुरुषाला सांगितली. म्हणीत मात्र बाई अडकली. आनंदीबाई 1794 मध्ये वारल्या. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे, कागदाकडे बोट दाखवणाऱ्या कितीतरी बायकांना गप्प बसवायला त्यांचे नाव पुरले. आमच्या ओसरीवरही तेच झाले. खरे तर त्या दिवशी काकूने कोणतेच अक्षर बदलले नव्हते. तिला फक्त ते ऐकायचे होते.

2021 मध्ये वाघोली पुणे महापालिकेत आली. काकूच्या शेतात आता इमारत उभी आहे आणि विहीर बुजली आहे. मध्यंतरी घरातल्या एका व्यवहाराचा करारनामा सहीला आला, तेव्हा आमची सून म्हणाली, ‘‘बाबा, मी पूर्ण वाचूनच सही करीन.’’ समोरचे गृहस्थ घड्याळाकडे पाहू लागले. मी त्यांना म्हटले, ‘‘बसा, चहा घ्या. वाचू द्या तिला.’’ तिला तासभर लागला. दोन ठिकाणी दुरुस्ती निघाली.