नाव सांगा, ऑब्जेक्ट हजर!

प्रोग्रॅम लिहिताना ज्या क्लासचं नावही आपल्याला माहीत नाही, त्याचा ऑब्जेक्ट कसा बनवायचा? आज आपण 'रिफ्लेक्शन' म्हणून हे सहज करून टाकतो. पण त्यामागचा इतिहास मजेशीर आहे, बरं का!

मुळं थेट लिस्पमध्ये. जॉन मॅकार्थींच्या १९६० च्या लेखात 'इव्हॅल' हे फंक्शन होतं. लिस्पचंच एक्स्प्रेशन डेटा म्हणून घ्यायचं आणि चालवायचं! पुढे स्मॉलटॉकमध्ये सगळे क्लासेस एका डिक्शनरीत ठेवलेले असत. नाव द्या, क्लास घ्या. १९८२ मध्ये ब्रायन कँटवेल स्मिथ यांनी एमआयटीतल्या प्रबंधात रिफ्लेक्शनची रीतसर मांडणी केली.

पण ही कल्पना घरोघरी नेली ती जावाने. १९९६ च्या पहिल्याच आवृत्तीत 'क्लास.फॉरनेम' होतं. १९९७ मध्ये जेडीबीसी आलं आणि डेटाबेस ड्रायव्हरचं नाव स्ट्रिंग म्हणून द्यायची पद्धत पडली. ते नाव कॉन्फिग फाईलमध्ये ठेवलं, की ड्रायव्हर बदलायला कोड पुन्हा कंपाईल करायला नको. काय सोय!

एक गोम मात्र होती. एरवी कंपायलर आपल्या स्पेलिंगवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो, पण नाव अवतरणचिन्हांत गेलं की गप्प! चूक कळणार ती प्रोग्रॅम चालताना, 'क्लासनॉटफाउंड' म्हणून. २००६ च्या जावा ६ पासून ड्रायव्हर आपोआप सापडू लागले, पण नाव गेलं नाहीच. ते फक्त ड्रायव्हरच्या जार फाईलमध्ये जाऊन बसलं.

इथवर ठीक, कारण नाव देणारे आपणच होतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेचं भोक उघड झालं. बाहेरच्याने पाठवलेला मजकूर लॉगमध्ये लिहिताना लायब्ररी त्यातला पत्ता वाचून परक्या सर्व्हरकडे चौकशी करायची. उत्तरात क्लासचं नाव यायचं, आणि अनेक ठिकाणी तो क्लास तिथूनच उतरवून चालवलाही जायचा! जगभरच्या कित्येक टीम्सचा शनिवार-रविवार पॅचेस लावण्यात गेला.

मला वाटतं, साठ वर्षांच्या या गोष्टीतला खरा प्रश्न 'नावावरून ऑब्जेक्ट कसा बनवायचा' हा नाहीच. ते नाव कोण देतंय, हा आहे. नाव सोनूबाई असेल, हाती कथलाचा वाळा आहे की सुरा, हे नावावरून कळत नाही. म्हणून बाहेरून आलेलं नाव आधी आपल्या यादीशी ताडून पाहावं, मगच ऑब्जेक्ट बनवावा.