महिला बचत गट, पातूर
अकोला जिल्ह्यातील पातूर तालुक्यासह वऱ्हाडात रूढ असलेली ग्रामीण स्त्रियांची संघटना. साधारणतः 10 ते 20 स्त्रिया ठरावीक मासिक बचत एकत्र करतात आणि त्या निधीतून आजारपण, शिक्षण, बी-बियाणे यांसाठी सभासदांनाच अंतर्गत कर्ज देतात. व्याज गटातच राहत असल्याने निधी वाढतो. नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने 1992 मध्ये गटांची बँकजोडणी सुरू केल्यावर गटांना बँकेचे कर्ज सुलभ झाले. महिला आर्थिक विकास महामंडळ (स्थापना 1975) व राज्याचे ‘उमेद’ ग्रामीण जीवनोन्नती अभियान (2011) यांनी गटबांधणीला चालना दिली. ‘उमेद’मध्ये गावातील गटांचा मिळून ग्रामसंघ होतो. पाणी फाउंडेशन या संस्थेच्या जलसंधारण स्पर्धेत तालुक्यातील गावे उतरली, तेव्हा चर खोदण्याच्या श्रमदानात स्त्रियांचाही वाटा होता. मात्र अशा विनावेतन श्रमांची नोंद गटाच्या हिशेबवहीत सहसा होत नाही.