तोळाभर शिसें

सोनें तोळ्यांत तोलतात हें लक्ष्मी रस्त्यावरून एकदां जरी फिरलेला मनुष्य सांगूं शकेल. परंतु त्या तोळ्याचा बंदुकीच्या गोळीशीं कांहीं संबंध असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. इंग्रजी अमदानींत १८३३ सालीं तोळ्याचें जें वजन ठरलें तें १८० ग्रेन. सात हजार ग्रेनांचा एक पौंड, आणि बारा माशांचा तोळा असल्यामुळें पंधरा ग्रेनांचा एक मासा. (आजचे सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, तो हा नव्हे, हा साडेअकरा ग्रॅमांहून थोडा जड.) बंदुकीच्या गोळ्या आजही या ग्रेनांतच तोलल्या जातात, आणि हरणाच्या शिकारीसाठीं काडतूस घरीं भरतांना किती वजनाची गोळी घालावी, हा जो वाद अमेरिकेंतील शिकारी आजतागायत हिरीरीनें घालीत असतात, त्यांतील एक नेहमींचा आकडा १८० ग्रेन, म्हणजे आपला बरोबर एक तोळा, हा आहे. हा वाद वाटतो तितका नवा नाहीं, आणि त्याचा बराचसा भाग आपल्या मुलुखांत घडला आहे.

काडतूस निघण्यापूर्वीं प्रत्येक शिकारी आपला बार आपणच भरीत असे. ठासणीच्या बंदुकींत शिंगड्यांतील दारू मापून ओतावयाची, चिंधींत गुंडाळलेली गोळी वर ठेवावयाची, गजानें ठासावयाची, आणि मग कानाशीं रंजक घालावयाची किंवा पुढील काळांत टोपी बसवावयाची. शिसें चुलीवर वितळवून साच्यांत ओतलें कीं गोळी तयार. गोळीचें वजन अर्थात् नळीच्या व्यासानें ठरे. इंग्रजांनीं तर वजनावरूनच नळीचें नांव ठेविलें: एक पौंड शिशाच्या ज्या मापाच्या बारा गोळ्या होतात ती बारा बोअरची बंदूक, वीस होतात ती वीस बोअरची. आकडा वाढला म्हणजे गोळी लहान झाली, हें ऐकून वर्गांतील हुशार मुलेंही प्रथम गोंधळत. बारा बोअरची गोळी सव्वातीन तोळ्यांस किंचित् कमी भरते, वीस बोअरची दोन तोळ्यांच्या आंत. वाटोळ्या गोळीचें वजन व्यासाच्या घनाप्रमाणें वाढतें. व्यास दुप्पट केला तर वजन आठपट. म्हणून जड गोळी हवी असल्यास नळी रुंद करण्यावांचून गत्यंतर नसे, आणि नळी रुंद केली कीं बंदूक जड होई व खांद्यास धक्का बसे. लांबट गोळी आली तेव्हां हें बंधन सुटलें. व्यास तोच ठेवून लांबी वाढविली म्हणजे वजन वाढतें. मात्र अशी गोळी हवेंत कोलांटी खाऊं नये म्हणून तिला फिरकी द्यावी लागते, व ती नळीच्या आंतील पेचामुळें मिळते. गोळी जितकी लांब तितका पेच जलद पाहिजे.

या पेचावरूनच मध्यप्रांतांत एक वाद पेटला. निमाडांत जमाबंदीचें काम केलेला कॅप्टन जेम्स फॉर्सिथ याचें शिकारी रायफलींवरील पुस्तक १८६३ सालीं प्रसिद्ध झालें. जलद पेचाच्या नळींत दारू वाढविली कीं मऊ शिशाची गोळी पेच सोडून सरळ घसरते, म्हणून पेच अगदीं मंद ठेवावा, गोळी वाटोळीच घ्यावी आणि दारू भरपूर घालावी, असा त्याचा आग्रह होता. दाट जंगलांत सावज शंभर-दीडशें पावलांच्या आंतच दिसतें, तेव्हां दूरच्या नेमाची मातब्बरी कशाला? मनुष्य जंगलांत राहून लिहीत होता, आणि तें त्याच्या युक्तिवादांत दिसतें. तिकडे लंडनच्या पर्डी या कारखानदारानें १८५६ सालीं आगगाडीचें नांव देऊन ‘एक्स्प्रेस’ रायफल काढली होती. तिचें सूत्र असें कीं गोळी हलकी, दीड-दोन तोळ्यांची, टोकाशीं पोकळ, आणि मागें दारू दांडगी. गोळी वेगानें जाते, मार्ग सरळ राहतो, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकत नाहीं, आणि अंगांत शिरतांच ती फुलते. चितळासारख्या सत्तर-ऐंशीं किलोंच्या जनावरास ती जागीं पाडी. पण सांबराचा मोठा नर अडीचशें-तीनशें किलोंचा! त्याच्या खांद्याच्या फऱ्यावर आपटून हलकी पोकळ गोळी तेथेंच फुटे. वरवर मोठी जखम होई आणि फुप्फुसें अभंग राहत. असें सांबर मैलोगणती धांवे आणि कोठेंतरी ओढ्याकांठीं दोन दिवसांनीं मरे. सर सॅम्युएल बेकर यानें १८९० सालच्या आपल्या ग्रंथांत पोकळ गोळीस स्पष्ट नापसंती दर्शवून साडेतीन तोळ्यांहून जड, भरीव, मऊ शिशाच्या गोळीचा पुरस्कार केला, तो याच अनुभवावरून. माझ्या मतें फॉर्सिथपेक्षां बेकरचें म्हणणें काळाच्या कसोटीस अधिक उतरलें आहे.

आतां पुण्याकडे वळूं. ज्या खडकीच्या माळावर ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं पेशव्यांच्या फौजेचा पराभव झाला, त्याच खडकीस १८६९ सालीं सरकारी काडतुसांचा कारखाना निघाला. तीनच वर्षांपूर्वीं, १८६६ सालीं, ब्रिटिश सैन्यानें मागून भरावयाची स्नायडर बंदूक स्वीकारली होती. दातांनीं कागद फाडून बार भरावयाची जी पद्धत १८५७ सालीं इतकी महाग पडली, ती त्यामुळें संपली. दारू, गोळी आणि ठिणगीची टोपी एकाच नळकांड्यांत कायमची बसली. भरणारा हात शिपायाचा राहिला नाहीं, कारखान्याचा झाला. स्नायडरची गोळी ४८० ग्रेन, म्हणजे दोन तोळे आठ मासे. १८७१ सालच्या मार्टिनी-हेन्रीची तितकीच, आणि दारू ८५ ग्रेन. घोडेस्वाराची आंखूड बंदूक मात्र फार लाथ मारी, म्हणून तिच्यासाठीं गोळी ४१० आणि दारू ७० ग्रेनांवर आणावी लागली. १८८८ सालच्या ली-मेटफोर्डची गोळी २१५ ग्रेनांवर उतरली आणि १९१० सालीं ती १७४ ग्रेन, म्हणजे तोळ्याहूनही सहा ग्रेनांनीं कमी झाली. जर्मनीनें १९०५ सालीं व अमेरिकेनें १९०६ सालीं हेंच केलें. अमेरिकेची गोळी २२० वरून एकदम १५० वर आली.

येथें थोडें गणित केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. मार्टिनी-हेन्रीची गोळी सेकंदास सुमारें १३५० फूट जाई. १९१० ची २४४० फूट. वजनास वेगानें गुणिलें तर पहिलीचे ६ लाख ४८ हजार येतात, दुसरीचे सव्वाचार लाखांच्या आंतबाहेर. म्हणजे धक्का जुन्या गोळीचाच दीडपट. पण वजनास वेगाच्या वर्गानें गुणिलें तर पहिलीचे ८७ कोटी आणि दुसरीचे १०३ कोटी. म्हणजे शक्ति नवीचीच अधिक. जड गोळीवाले पहिला गुणाकार दाखवितात, हलक्या गोळीवाले दुसरा. दोन्ही बरोबर आहेत, आणि म्हणूनच वाद मिटत नाहीं. जनावर कशानें मरतें हें यांपैकीं कोणताच गुणाकार सांगत नाहीं. गोळी मर्मस्थानापर्यंत पोंचली कीं नाहीं आणि पोंचल्यावर ती फुलली कीं नाहीं, यावर तें अवलंबून असतें.

ही गोष्ट हिंदुस्थान सरकारला एका निराळ्याच मार्गानें कळली. २१५ ग्रेनांच्या नव्या गोळीवर निकेलमिश्रित तांब्याचें कठीण कवच असे. १८९५ सालच्या चित्रळच्या मोहिमेंत तक्रार आली कीं ही गोळी आरपार जाते, आणि लागलेला मनुष्य तसाच पुढें चालून येतो. तेव्हां कलकत्त्याजवळील दमदमच्या कारखान्यांतील कॅप्टन बर्टी-क्ले यानें टोकावरचें कवच थोडेंसें काढून आंतलें शिसें उघडें ठेविलें. पूर्वींचीच गोळी आतां अंगांत शिरून छत्रीसारखी उघडूं लागली, आणि दमदमचें नांव साऱ्या जगाच्या भाषांत गेलें. १८९९ सालीं हेगच्या परिषदेनें असल्या गोळ्या युद्धांत निषिद्ध ठरविल्या. इंग्लंडनें त्या वेळीं विरोध केला; तें राष्ट्र त्या जाहीरनाम्यांत १९०७ सालीं सामील झालें.

परंतु रणांगणावर जी गोळी क्रूर म्हणून त्याज्य ठरली, तीच जंगलांत दयेची ठरली. कवचबंद लष्करी गोळी हरणाच्या अंगांतून बारीक भोंक पाडून निघून जाते. हरीण पळतें, आणि त्याचें मरण तासन् तास लांबतें. म्हणून आज अमेरिकेच्या अनेक राज्यांत हरणावर पूर्ण कवचाची गोळी झाडणें हाच गुन्हा आहे. दोन्ही नियम वेदना कमी व्हावी म्हणूनच केले गेले! शिपाई जायबंदी झाला तरी त्यास रुग्णालय आहे, हरणास नाहीं, एवढाच काय तो फरक. मला हा विरोध वरवरचा वाटत नाहीं.

गोळीचें वजन कायद्यानेंही ठरे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्याची पद्धत आली. पुढें १९०७ च्या सुमारास, सैन्याच्या मापाचीं काडतुसें बंडखोरांच्या हातीं पडूं नयेत म्हणून, सरकारनें ४५० सहस्रांश इंचाच्या रायफलींस बंदी केली. इंग्रज कारखानदारांनीं तत्काळ ४६५ आणि ४७० सहस्रांशांच्या रायफली काढल्या. व्यास बदलला, गोळी मात्र ४८० आणि ५०० ग्रेनांचीच राहिली. लष्करी ३०३ हेंही खाजगी माणसास मिळत नसे. म्हणून आपल्याकडे परवानाधारकांत ३१५ चें माप रूढ झालें. तिच्या काडतुसाच्या बुडावर ‘के. एफ.’ हीं खडकी कारखान्याचीं अक्षरें अनेकांनीं पाहिलीं असतील. गोळी २४४ ग्रेन: एक तोळा सव्वाचार मासे. स्वतंत्र भारतांत १९५९ च्या कायद्यानें बिनपरवाना काडतूस बनविणेंही निषिद्ध केलें, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं सांबर, चितळ, भेकर यांची शिकारच पुढें बंद झाली. भीमाशंकराच्या रानांत सांबर आज जें दिसतें, त्याबद्दल मी त्या कायद्याचा ऋणी आहें.

परदेशांत वाद चालू आहे, आणि त्यास अलीकडे एक नवें वळण लागलें आहे. फुटलेल्या गोळीचें शिसें टाकलेल्या आंतड्यांत राहतें आणि तें खाऊन गिधाडवर्गांतील पक्षी विषबाधेनें मरतात. कॅलिफोर्नियांतील काँडोर पक्ष्याच्या अनुभवावरून तेथें १ जुलै २०१९ पासून शिकारींत शिशाची गोळी सर्वत्र बंद झाली. त्याऐवजीं तांबें आलें. पण तांबें शिशापेक्षां हलकें: घनता शिशाची ११.३, तांब्याची ९ च्या आंत. तितक्याच व्यासाची, तितक्याच वजनाची गोळी तांब्याची केली तर ती लांब होते, आणि लांब गोळीस जलद पेच लागतो. जुन्या नळीचा पेच तर बदलतां येत नाहीं. म्हणून घरीं काडतूस भरणारा अमेरिकन शिकारी १८० ऐवजीं १६५ किंवा १५० ग्रेनांची गोळी निवडतो. फॉर्सिथनें मांडलेला पेचाचा प्रश्न दीडशें वर्षांनीं पुन्हां काट्यावर आला तो असा.

इकडे कोंकणांत, रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे, शेतीच्या संरक्षणासाठीं परवाना दिलेल्या ठासणीच्या बंदुका अद्याप आहेत. रानडुकरें आणि वानरें यांना भातशेतींतून व बागांतून पिटाळण्यासाठीं त्या ठेवितात, आणि निवडणुका आल्या कीं त्या पोलीस ठाण्यांत जमा कराव्या लागतात.