पद्याची ओळख आणि दक्खनचा कान

काव्याचा आस्वाद आणि पद्याची ओळख ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत. परंतु दुसरीची उपेक्षा करून पहिली साधता येईल, असे आम्हांस वाटत नाही. शाळेत 'वृत्त ओळखा', 'अलंकार ओळखा' हे प्रश्न पिढ्यान् पिढ्या विचारले जात आले आहेत. विद्यार्थी 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र बोटांवर मोजतो, गण पाडतो, नाव लिहितो आणि गुण मिळवून मोकळा होतो. त्याच्या कानाला मात्र ह्या खटाटोपाचा पत्ताही लागत नाही. ही ओळख नावापुरतीच राहते. प्रत्येक पद्यरूपामागे इतिहास असतो आणि तो ध्यानी घेतल्यास ओळख आपोआप पक्की होते. हैदराबादसारख्या नगरात, जेथे मराठी, दक्खनी आणि तेलुगू ह्या तीन भाषांचे पद्य शतकानुशतके शेजारी शेजारी नांदले, तेथे तर हा इतिहास दाराशीच आहे. त्याचे थोडे दिग्दर्शन करावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

पद्य ओळखताना पहिला प्रश्न असा की, ह्या रचनेत कवीने मोजले काय? माधवराव पटवर्धन (१८९४–१९३९), म्हणजेच कवी माधव जूलियन, ह्यांनी 'छन्दोरचना' ह्या ग्रंथात ह्याच प्रश्नाच्या आधारे मराठी पद्याचे छंद, वृत्त आणि जाती असे तीन वर्ग केले. छंदात अक्षरांची संख्या मोजली जाते. लघुगुरूंचा भेद तेथे गौण असतो. वृत्तात लघुगुरूंचा क्रम ठरलेला असतो. जातीत मात्रांची बेरीज आणि त्यांचे आवर्तन पाहावयाचे असते. हे त्रिविध वर्गीकरण शिक्षकाने मनाशी पक्के धरले, म्हणजे निम्मा गोंधळ दूर होतो.

छंदाचा विचार प्रथम करू. ओवी हे आमच्या भाषेचे सर्वांत जुने पद्यरूप होय. महाराष्ट्रात बायका कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याच्या 'मानसोल्लास' ह्या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात आढळते. जात्या-उखळावरची ही ओवी इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांच्या हाती तत्त्वज्ञानाचे वाहन झाली. ग्रंथातील ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड व मोकळा असतो. अक्षरसंख्येचे बंधन तेथे सैल आहे. अभंगात ते बंधन घट्ट होते. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी बावीस अक्षरे येतात व दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण यमकाने जोडलेले असतात. ओवी आणि अभंग ह्यांतील भेद विषयावरून ठरवू नये. तो रचनेवरून ठरवावा.

मात्रांच्या पद्याची गोष्ट निराळी. मोरोपंतांची 'आर्या' सर्वतोमुखी आहे. पण संस्कृत आर्येच्या चार चरणांत अनुक्रमे बारा, अठरा, बारा आणि पंधरा मात्रा असतात, तर मोरोपंतांनी बहुधा बारा-अठरा, बारा-अठरा अशी गीती वापरली. नाव आर्येचे आणि मोजमाप गीतीचे! मात्रा मोजून पाहिल्यावाचून हे कळत नाही. औरंगाबादेचे अमृतराय (१६९८–१७५३) ह्यांचा कटाव ऐकताना मात्रांची ही गती थेट अंगात शिरते. अनुप्रासांची अशी झड लागते की, श्रोत्याला अर्थाआधी नाद उमगतो. ह्याच अमृतरायांच्या एका रचनेत काही अभ्यासक मराठीतील पहिली गज्जल पाहतात. ज्या नगरीत फारसी-दक्खनी काव्याची बैठक रोजची होती, तेथे असे घडले ह्यात नवल नाही.

आता वृत्ताकडे वळू आणि एकाच वृत्तापाशी थोडे थांबू. जालना जिल्ह्यातील जांब हे रामदासांचे जन्मस्थान. त्यांचे 'मनाचे श्लोक' भुजंगप्रयात वृत्तात आहेत. ह्या वृत्ताच्या प्रत्येक चरणात चार 'य' गण, म्हणजे बारा अक्षरे येतात. एक लघु आणि दोन गुरू हा क्रम चारदा फिरतो. वर्गासाठी आम्ही रचलेली ही एक ओळ पाहा : 'मुलांनो जरा आइका ताल याचा'. ती मुलांकडून टाळीवर म्हणवून घ्यावी. 'मुलांनो', 'जरा आ', 'इका ता', 'ल याचा' असे चार तुकडे कान स्वतःच पाडतो. सूत्र त्यानंतर सांगावे.

हीच ओळ एखाद्या उर्दू जाणणाऱ्या वृद्धासमोर म्हटली, तर तो ती 'फऊलुन्' ह्या शब्दाच्या चार आवृत्तींवर बसवील आणि ही 'मुतकारिब' बहर होय, असे सांगेल. अरबी छंदःशास्त्राची मांडणी आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील इब्न अहमदाने केली. आमचे छंदःशास्त्र पिंगलाचे. दोहोंचे उगम वेगळे, परिभाषा वेगळी. पण लघुगुरूंचा हा एक क्रम दोन्हीकडे तंतोतंत सापडतो. ह्यात एकाने दुसऱ्याकडून उसने घेतले असे मानण्याचे कारण नाही. दोन कान एकाच लयीपाशी येऊन पोचले, एवढेच.

ह्या योगायोगाला दक्षिणेत फळही आले. तंजावरच्या मराठी राज्यात रामदासी मठ होते. त्या परिसरात वावरलेले अठराव्या शतकातील सूफी कवी शाह तुराब ह्यांनी 'मनाच्या श्लोकां'च्या धर्तीवर 'मन समझावन' हे दक्खनी काव्य लिहिले, आणि तेही त्याच चालीत. हैदराबादच्या विदुषी सय्यदा जाफर ह्यांनी ते पुढे संपादित केले. त्यात मराठी 'नको' भेटतो, आणि हैदराबादच्या रस्त्यावरचा 'नक्को' तर सर्वांच्या परिचयाचा आहे. शब्द जसा एका भाषेतून दुसरीत गेला, तशी चालही गेली. उलट दिशेने पाहिले, तर श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी आपला 'योगसंग्राम' मराठी ओवीत लिहिला. पद्यरूपावर कोणा एका धर्माची वा जातीची मालकी नसते, हे सांगण्यास ह्याहून चांगले पुरावे कोणते हवेत?

अलंकारांच्या बाबतीतही शेजारधर्म उपयोगी पडतो. संस्कृत शास्त्रात 'यमक' म्हणजे तीच अक्षरे भिन्न अर्थाने पुन्हा येणे. मराठीत मात्र आपण चरणान्तीच्या जुळणीलाच यमक म्हणू लागलो. विद्यार्थ्याचा घोटाळा येथेच होतो. उर्दूत ह्या दोन गोष्टींना दोन नावे आहेत. पहिली 'तजनीस' आणि दुसरी 'काफिया'. काफियानंतर जसाच्या तसा पुन्हा येणारा शब्द वा शब्दसमूह तो 'रदीफ'. तेलुगूत आणखी तिसरी तऱ्हा आहे. तेथे प्रत्येक चरणाच्या दुसऱ्या अक्षरातील व्यंजन जुळावे लागते व त्याला 'प्रास' म्हणतात. मराठी कान चरणाच्या शेवटाकडे, तर तेलुगू कान आरंभाकडे लागलेला असतो. उपमेला उर्दूत 'तश्बीह' आणि अतिशयोक्तीला 'मुबालगा' म्हणतात. ही नावे पाठ करावीत असे आमचे म्हणणे नाही. पण तुलनेने व्याख्या उजळते, हा अनुभव आहे.

माधव जूलियनांचे मोठेपण ह्या संदर्भात विशेष जाणवते. ते फारसीचे प्राध्यापक होते. फारसी-मराठी कोशही त्यांनी रचला. 'छन्दोरचना' १९२७ साली निघाली. तिची वाढविलेली आवृत्ती १९३७ साली, म्हणजे हैदराबादेत मराठी साहित्य परिषद स्थापन झाली त्याच वर्षी आली. मधल्या काळात, १९३३ साली, 'गज्जलांजली' प्रसिद्ध झाली. फारसी बहरांची लघुगुरूंच्या भाषेत मांडणी करून त्यांनी त्या मराठी कानाच्या आवाक्यात आणल्या. पुढे सुरेश भट (१९३२–२००३) ह्यांनी गझलेचा प्रत्येक शेर स्वयंपूर्ण असला पाहिजे, ह्या तिच्या आंतरिक शिस्तीवर भर दिला आणि हे रूप मराठीत स्थिर केले. इंग्रजी सॉनेटचे चौदा चरण केशवसुतांनी ह्याआधीच, १८९२ च्या सुमारास, मराठीत आणून सुनीताची वाट पाडली होती. परके रूप भाषेत रुजते ते त्याची शिस्त नीट ओळखली तरच. नुसते नाव उचलल्याने नव्हे.

निजामी राज्यात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. आपल्या भाषेला शिक्षणात दुय्यम स्थान मिळाल्याचे शल्य मराठी समाजाला दीर्घकाळ होते आणि ते योग्यच होते. परंतु त्याच परिस्थितीमुळे येथील मराठी शिक्षितांना दोन छंदःशास्त्रांचा कान लाभला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा वेगळा झाला आणि हैदराबादचा मराठी समाज भाषिक अल्पसंख्य होऊन राहिला. तो दुहेरी कान आता विरळ होत चालला आहे. शल्य आठवावे, पण त्याबरोबर मिळालेला ठेवा गमावू नये.

म्हणून शिक्षकबंधूंना व भगिनींना आमची विनंती अशी की, पद्य आधी म्हणवून घ्यावे, मग मोजावे आणि नाव शेवटी सांगावे. अक्षरे, मात्रा की लघुगुरूंचा क्रम, हा एकच प्रश्न प्रत्येक कवितेला विचारावा. वर्गात एखादा मुलगा घरी उर्दू वा तेलुगू पद्य ऐकत असेल, तर त्याला ते म्हणू द्यावे आणि साम्य-भेद मुलांनाच शोधावयास लावावेत. ज्याला भुजंगप्रयातात मुतकारिब ऐकू येते, तो परीक्षेत वृत्त ओळखीलच; शिवाय ज्या भूमीवर तो राहतो, तीही त्याला थोडी अधिक ओळखता येईल.