एच३७आरव्हीची कुळकथा

क्षयाच्या जंतूचा जनुकसंच आज कुठेही वाचला, तरी तो बहुतेक वेळा एकाच जंतूशी ताडून पाहतात. त्याचं नाव एच३७आरव्ही.

न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरनॅक लेक या गावी डॉ. ट्रूडो यांनी क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम काढलं होतं. क्षयावर औषध नव्हतं. मोकळी हवा, सकस अन्न आणि विश्रांती, एवढेच उपचार. तिथे १९०५ साली डॉ. एडवर्ड बाल्डविन यांनी फुप्फुसाच्या जुनाट क्षयाने आजारी असलेल्या एका १९ वर्षांच्या तरुणाच्या थुंकीतून हा जंतू वेगळा केला. त्या तरुणाचं ऋण सगळ्या जगावर आहे, असं मला मनापासून वाटतं. १९३४ मध्ये विल्यम स्टीनकेन आणि सहकाऱ्यांनी त्याच जंतूपासून दोन वाण काढले. एक गिनीपिगला मारणारा, तो आरव्ही; दुसरा निरुपद्रवी, तो आरए. आरव्ही मग देशोदेशीच्या प्रयोगशाळांत वाढत राहिला.

जून १९९८ मध्ये स्टुअर्ट कोल आणि सहकाऱ्यांनी त्याचा संपूर्ण जनुकक्रम ‘नेचर’मध्ये छापला. अक्षरं सुमारे ४४ लाख, जनुकं जवळजवळ चार हजार. चरबीच्या चयापचयाशी संबंधित अशी सुमारे अडीचशे विकरं त्यात निघाली, आतड्यातल्या ई. कोलायमध्ये ती पन्नासच्या आसपास असतात. मेणचट आवरणाच्या या चिवट जंतूचा स्वभावच त्या यादीत उघड झाला. रुग्णांनाही लाभ झाला. हा जंतू फार सावकाश वाढतो, त्यामुळे कोणतं औषध चालेल हे कल्चरवरून कळायला कित्येक आठवडे जात. आता आरपीओबी जनुकातला ठरावीक बदल दिसला, की रिफाम्पिसिन चालणार नाही हे आधीच कळतं.

पण ही मोजपट्टी एकाच रुग्णाची आहे. एच३७आरव्ही ज्या वंशशाखेतला, तिच्यातून टीबीडी१ नावाचा सुमारे दोन हजार अक्षरांचा तुकडा फार पूर्वीच गळून गेला. दक्षिण भारतात पुष्कळ आढळणाऱ्या पहिल्या शाखेच्या जंतूंत तो अजून शाबूत आहे. त्यांचे वाचलेले तुकडे एच३७आरव्हीवर जुळवायला घेतले, की या भागाला जागाच सापडत नाही आणि तो सहसा वगळला जातो. जगात क्षयाचे सर्वाधिक रुग्ण भारतात आहेत. आपल्या रुग्णांमधल्या जंतूंचे जनुकक्रम टोकापासून टोकापर्यंत वाचून तेही मोजपट्टी म्हणून वापरात आणायला हवेत, आणि हे काम आपल्याच प्रयोगशाळांनी हाती घ्यावं.