पडीत लहरींवरची शाळा

मेळघाटातल्या हरिसालला २०१६ च्या सुमारास ‘देशातलं पहिलं डिजिटल गाव’ हे बिरुद मिळालं. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांचा तो प्रकल्प. दवाखान्यात दूरच्या डॉक्टरांचा सल्ला, दुकानात कार्डाने पैसे आणि शाळेत पडद्यावरचे पाठ, असा एकंदर थाट. हे सगळं अमेरिकेतून थेट मेळघाटच्या जंगलात उतरलं, असं तेव्हाच्या बातम्या वाचून वाटायचं. पण शाळेतल्या त्या पडद्याचं कूळ बरंच जुनं आहे. आणि ते कॉम्प्युटरच्या घराण्यातलं कमी, टीव्हीच्या घराण्यातलं जास्त आहे.

मूळपुरुष शोधायचा तर दिल्ली गाठावी लागते. १९६१ मध्ये तिथल्या माध्यमिक शाळांत फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने टीव्हीवर विज्ञानाचे पाठ दाखवायला सुरुवात झाली. शाळा पुष्कळ, पण प्रयोगशाळा आणि विज्ञानाचे शिक्षक अपुरे. म्हणून एका चांगल्या शिक्षकाने एकदाच शिकवावं आणि शेकडो वर्गांनी बघावं, असा हिशेब होता. यंत्रं कितीदा तरी बदलली. हिशेब मात्र अजून तोच आहे. पुढे १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी उसना घेऊन सहा राज्यांतल्या २४०० गावांत टीव्ही पोचवला गेला. महाराष्ट्र त्यात नव्हता.

आपला नंबर लागला १९८३ च्या इन्सॅट-१बी उपग्रहानंतर. मुलांचे कार्यक्रम त्यांच्याच भाषेत बनवायचे ठरलं आणि १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी उभी राहिली. तिने हजारो कार्यक्रम केले. त्यातले कितीतरी आजही बघण्यासारखे आहेत, असं माझं मत. त्याच दशकात केंद्राच्या योजनेतून प्राथमिक शाळांना रंगीत टीव्ही आणि ‘टू-इन-वन’, म्हणजे रेडिओ-कॅसेट प्लेअर, मिळू लागले.

खरी अडचण तिथून पुढे सुरू झाली. प्रक्षेपणाची वेळ ठरलेली, शाळेचं वेळापत्रक वेगळं आणि विजेचं तिसरंच. ज्याने वऱ्हाडातलं भारनियमन भोगलं आहे, त्याला हे निराळं सांगायला नको. शिवाय सेट बिघडला तर जबाबदारी मुख्याध्यापकांवर. तेव्हा तो कपाटात कुलूपबंद ठेवणं हाच शहाणपणा. लोक याला मास्तरांचा आळस म्हणतात. मला तो सरकारी सामानाची नोंद ठेवणाऱ्या ‘डेडस्टॉक’ रजिस्टरचा धाक वाटतो.

त्या काळात टीव्हीपेक्षा गरीब कॅसेट प्लेअर मला जास्त मोलाचा वाटतो, कारण त्याला थांबवण्याचं बटण होतं. प्रक्षेपण चालू असताना शिक्षकही पोरांसारखाच प्रेक्षक होऊन बसतो. कॅसेट थांबवता येते, मागे नेता येते, मधे बोलता येतं. मेळघाटात याला फार किंमत आहे. तिथल्या अनेक घरांत कोरकू बोलतात. ती मराठीची बहीण तर नाहीच, नात्यातलीही नाही. मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीच्या गोतातली भाषा. पहिलीतल्या कोरकू पोराला पुण्याच्या मराठीतला देखणा कार्यक्रमही नुसता हलत्या चित्रांचा खेळ. कुणीतरी तो थांबवून “हे म्हणजे काय” ते त्याच्या बोलीत सांगायला हवं. व्याघ्र प्रकल्पातून उठवून अकोला जिल्ह्यात, अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर वसवलेल्या कोरकू गावांनाही हेच लागू.

आता हरिसालकडे. डोंगर आणि सागाचं दाट जंगल यांतून इंटरनेट न्यायचं कसं? मायक्रोसॉफ्टने त्यासाठी ज्या तंत्राचं नाव घेतलं, तिथे आपल्याला पुन्हा टीव्ही भेटतो. मनोऱ्यांवरून घरच्या अँटेनापर्यंत टीव्ही प्रक्षेपण करणारं देशात एकटं दूरदर्शन. खासगी वाहिन्या केबल आणि डिशवरून आल्या, त्यामुळे टीव्हीसाठी राखलेल्या लहरींचा मोठा पट्टा पडीत रानासारखा मोकळा राहिला. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमधल्या १५ चॅनलपैकी किमान १२ जवळपास सगळीकडे रिकामी आहेत, असं आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं. पालघरजवळच्या खामलोलीत त्यांनी प्रत्यक्ष चाचणीही घेतली होती. या लहरी वायफायच्या लहरींपेक्षा लांब असतात; झाडोऱ्यातून आणि उंचवट्यांवरून त्या जास्त दूर जातात. मेळघाटाला याहून सोयीचं काय असणार! पण दूरसंचार खात्याने या पट्ट्याचा व्यापारी वापर काही खुला केला नाही.

हरिसालचं नाव घराघरांत पोचलं ते मात्र शाळेमुळे नाही. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी “लाव रे तो व्हिडीओ” म्हणत हरिसालचा दावा पोकळ असल्याचं सभेत दाखवलं. भाजपनेही व्हिडीओ दाखवूनच उत्तर दिलं. पडदा आणि प्रोजेक्टरचा इतका परिणामकारक वापर आपल्या वर्गांत क्वचितच झाला असेल. पोट्टे मात्र त्या भांडणात कुणालाच आठवले नाहीत.

मधल्या काळात २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद झाली. त्याच वर्षी केंद्राचं ‘दीक्षा’ हे ऑनलाइन पाठांचं व्यासपीठ आलं. पाठोपाठ बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापून येऊ लागले. कोड स्कॅन करायला रेंज लागते. ती नसेल तिथे धारणी किंवा परतवाड्याला आल्यावर व्हिडीओ उतरवून घ्यायचे आणि पेन ड्राइव्हमधून शाळेत न्यायचे, एवढाच मार्ग उरतो. हा पेन ड्राइव्ह म्हणजे कॅसेटचाच वारस, थांबवण्याच्या बटणासकट.

मग कोरोनात शाळा बंद झाल्या. जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शालेय मालिका सुरू झाली. पाठ पुन्हा टीव्हीवर, ठरलेल्या वेळी, वीज असेल तर. आणि थांबवून कोरकूत सांगायला या वेळी शेजारी गुरुजीही नव्हते.